फिटरकाकांचा तरोटा

शेजारच्या क्वार्टरमधल्या फिटरकाकांच्या हाती कुठलीही वस्तू लागली की ते आधी तिला तेल लावत. बिजागऱ्या, छत्री, सायकल इथपर्यंत ठीक होतं. पण एकदा आईचा नवा पोळपाट डुगडुगतो म्हणून त्यांनी नेला आणि परत देताना तोही मशीनचं तेल लावून दिला. आठ दिवस आमच्या पोळ्यांना प्लांटचा वास येत होता. आईने विचारलं तर शांतपणे म्हणाले, "तेल लागल्याबिगर वस्तू आपली होत नाही, वैनी."

काका मूळचे गोंदियाकडचे. सगळी नोकरी भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये झालेली, त्यामुळे घरातही तीच भाषा. भाजी करपली की 'ओव्हरहीट', काकू माहेरी गेल्या की 'शटडाउन'. काकू त्यांना हसत, पण त्या घरी नसल्या की काका दोन्ही वेळा चहाच पिऊन राहत.

एका पावसाळ्यात काकूंना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती परत येईना. ताट पाहिलं की तोंड फिरवायच्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या आणि आम्ही सगळेच घाबरलो. अशात एके दिवशी त्या म्हणाल्या, "मले तरोट्याची भाजी पायजे."

तरोटा म्हणजे उकिरड्यावर, रुळांच्या कडेला, न बोलावता उगवणारं झाड. इथले छत्तीसगडी लोक त्याला चरोटा म्हणतात. गुरंही तोंड लावत नाहीत, पण कोवळा पाला लसूण-मिरचीत परतला की दोन घास जास्त जातात. क्वार्टरपासून दहा पावलांवर तो माजला होता. काका जातील आणि खुडून आणतील, असं कुणालाही वाटलं असतं. पण काकांना रस्त्याकडेचा माल पसंत नव्हता, कारण त्याचं इन्स्पेक्शन झालेलं नव्हतं. बायकोसाठी तरोटा ते स्वतः पिकवणार होते. जे आपोआप येतं ते पिकवायचं कसं, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

भिलाईलगतच्या कोहका वस्तीतल्या एका दोस्ताकडून त्यांनी गेल्या वर्षीच्या सुक्या शेंगा आणल्या. रानबियांची साल टणक असते, ती जरा घासून पेरावं, असं त्या दोस्ताने सांगितलं होतं. सल्ला बरोबर होता. काकांनी एकेक बी पॉलिश पेपरवर घासून मापकाट्याने त्याची जाडी मोजली. जास्त घासलं गेलेलं बी ते 'रिजेक्ट' म्हणून मागच्या भिंतीवरून आमच्या अंगणात फेकत. पास झालेल्या बियांना तेल लावून, दोरी बांधून आपल्या अंगणातल्या वाफ्यात सरळ रांगेत पेरत.

मी तेव्हा नुकतीच शाळेत जीवशास्त्र शिकवू लागले होते. न राहवून म्हटलं, "काका, बीसुद्धा श्वास घेतं. तेल लावून कसं उगवेल?"

काका म्हणाले, "लोखंडबी हवा घेते, पोरी. म्हनून त गंजते. म्हनूनच तेल."

आणि त्यांनी पुढचं बी तेलात बुडवलं. काका रोज ड्यूटीवरून आले की वाफ्यापाशी उकिडवे बसत. वाफ्यात गवतही उगवलं नाही. भिंतीच्या अलीकडे मात्र रिजेक्ट माल गुडघ्याएवढा झाला. आईने त्याची भाजी केली आणि मागच्या दाराने काकूंना नेऊन दिली. काकूंनी वाटी पुसून खाल्ली, भात मागून घेतला आणि रडल्या. "ताई, यायले सांगू नोका," काकांच्या वाफ्याकडे पाहत त्या म्हणाल्या. त्यानंतर रोज एक वाटी जाऊ लागली. महिन्याभरात बांगड्या मनगटावर आल्या. काका सगळ्यांना सांगत फिरले, की डॉक्टरच्या गोळीचा असर जरा लेट झाला.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. असा माणूस पुन्हा शेजारी मिळायचा नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. रिटायर झाल्यावर त्यांनी क्वार्टर सोडलं तो दिवस आठवतो. टेम्पोत सामान चढलं होतं, काकू पुढे बसल्या होत्या. काका मागच्या दाराने आमच्याकडे आले आणि माझ्या हातावर एक पत्र्याची डबी ठेवली. आत घासलेल्या, कोरड्या बिया होत्या. झाकणावर पेंटने लिहिलं होतं, 'रिजेक्ट'.

"तुया काकूले यायनंच वाचवलं," डबीतल्या बियांकडे बोट दाखवत ते हळूच म्हणाले. "मले तेव्हाच समजलं होतं. यायले तेल लावू नोको."

डबीला मात्र त्यांनी बाहेरून तेल लावून आणलं होतं.