बटण सोडा, भाऊ

भानुदासभाऊ गेल्याचं कौसल्यावहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. फोन ठेवल्यावर उरलेली ज्वारीही निवडून टाकली. दुसरं काही सुचेना... आता महिना होत आला, तरी त्यांच्या नावामागे ‘कै.’ लावायला मन धजत नाही.

आमच्या सहकारी साखर कारखान्यात ते जीप चालवायचे आणि मी ऑफिसातल्या वायरलेसवर बसायचे. एवढ्या वर्षांत त्यांचं तोंड मी कमी पाहिलं, आवाजच जास्त ऐकला. आणि बोलायला लागले की थांबायचं नाव नाही! वायरलेसचं काम साधं असतं, बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं. पण भाऊ बोलून झालं तरी अंगठा उचलायचे नाहीत. मग खड्ड्यांना घातलेल्या शिव्या, मधूनच म्हटलेली गवळण, सगळं आम्ही ऑफिसात ऐकत बसायचो. त्यांनी बटण सोडेपर्यंत आम्हाला बोलायची सोय नाही. सोडलं की मी आधी ओरडायचे, “बटण सोडत जा, भाऊ!”

“इसरून जातंय, ताई,” हे उत्तर ठरलेलं.

एकदा त्यांना आमचं बोलणं नीट ऐकू येईना. कारखान्याच्या वायरमननं पाहिलं, तर भाऊंनी टपावर एरियलला खेटून पत्र्याचे ड्रम बांधलेले. “वाटंत लोक पाणी मागत्यात. रिकामी गाडी कशी न्यावी?” म्हणाले. रागवावं तर रागवता येईना, असा हा माणूस.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात कारखान्यानं जनावरांच्या दोन छावण्या चालवल्या होत्या, एक दिंद्रुडकडे आणि एक केजकडे. भाऊ रोज दोन्हीकडे चक्कर मारून कुठं पाणी संपलंय ते कळवायचे, मग मी टँकर धाडायचे. त्या दिवशी एकच टँकर भरला होता. साहेबांनी तो केजकडे न्यायला सांगितलं होतं आणि टँकरवाला निघायच्या बेतात होता. तेवढ्यात सेटवर नुसतं ‘खट्’ झालं. मग पुन्हा ‘खट्’. भाऊंचा आवाज नाही. एवढा बोलका माणूस, आणि आवाज नाही!

का कोण जाणे, मी म्हणाले, “भाऊ, माझं ऐकू येत असंल तर एकदा दाबून सोडा. हो असंल तर एकदा, न्हाई असंल तर दोनदा.”

खट्.

“दिंद्रुडच्या छावणीत पोचलात?”

खट्.

“तिथं पाणी हाय का?”

खट्, खट्.

“केजकडं आजच्यापुरतं हाय?”

खट्.

मी धावत बाहेर जाऊन टँकर दिंद्रुडकडे वळवला. साहेबांची बोलणी खाल्ली, ती गोष्ट वेगळी. टँकर पोचला तेव्हा तिथला हौद कोरडा पडला होता आणि जनावरं तो चाटत होती, असं भाऊंनी नंतर सांगितलं. एरवी तासभर लावला असता, पण हे एका वाक्यात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वायरमननं फ्यूज पाहिला, बॅटरी पाहिली. सगळं ठीक. मग त्याला तो बोल्ट दिसला. सेटची अर्थिंगची वायर जीपच्या पत्र्याला बोल्टनं कसलेली असते. भाऊंनी पाडव्याच्या पूजेसाठी जीप नुकतीच हौसेनं रंगवली होती आणि वायर काढून त्या बोल्टखालीही निळ्या रंगाचा जाड थर दिला होता. त्यामुळे सेटला वीज पुरेना. ऐकायला थोडी लागते, तेवढी मिळायची. बोलायला जास्त लागते, म्हणून बटण दाबलं की सेट नुसतं ‘खट्’ करून मान टाकायचा. “सणाला जीपला नवा कपडा नको का?” असं भाऊंनी मलाच विचारलं. पुढे दर पाडव्याला ते त्या बोल्टखालचा पत्रा आधी पॉलिश पेपरनं घासायचे आणि मगच हळदकुंकू वाहायचे.

यंदा त्यांना लकव्याचा झटका आला आणि वाचा गेली. मी बीडच्या दवाखान्यात गेले, तेव्हा वहिनी रडत होत्या. “त्यांच्या मनात काय हाय, कसं कळावं ओ ताई?” भाऊ टक लावून माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या अंगठ्याखाली माझा हात ठेवला.

“भाऊ, ऐकू येतंय? हो असंल तर एकदा.”

अंगठा एकदा दाबला गेला.

“हितंच ऱ्हायचं?”

दोनदा.

“घरी जायचंय?”

एकदा. इतक्या जोरात, की मला हसू आलं आणि रडूही.

त्यांना घरी नेलं. परवा मी वहिनींना भेटायला गेले. भाऊंच्या खाटेच्या वर, भिंतीला, त्या जुन्या सेटचा माइक खिळ्याला टांगलेला आहे. सेट भंगारात गेला तेव्हा हा त्यांनी मागून घेतला होता. वहिनी शेवटच्या संध्याकाळचं सांगत होत्या. “पाणी पायजे का म्हनलं, तर दोनदा दाबलं. मंग म्या हितंच बसू का म्हनलं, तर एकदा दाबलं... आन् मंग सोडलंच न्हाई, ताई. हात गार पडला तरी सोडलं न्हाई.”

मी माइक खिळ्यावरून काढला आणि सवयीनं बटण दाबलं. आयुष्यभर त्यांना ज्यावरून रागे भरले, ते वाक्य ओठांवर आलं होतं... पण मलाच अंगठा उचलवेना.