स्पाइक आणि ठोका

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. वर्षाराणी बिरादार सहा नंबरच्या खाटेशेजारी उभी राहून एका छोट्या पेटीवरचे आकडे वाचत होती. पेटी मुठीत मावेल एवढी, खाटेच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधलेली. तिच्यातून निघालेली वायर पेशंटच्या उजव्या जांघेतल्या शिरेतून वर चढून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचलेली. रेट सत्तर, आउटपुट पाच, बॅटरी ठीक. वर मॉनिटरच्या हिरव्या रेघेत एक बारीक उभी काडी उमटत होती आणि तिच्या लगेच मागे रुंद ठोका. त्या काडीला स्पाइक म्हणतात. पेटीने करंट सोडला, ही तिची खूण. मागचा ठोका म्हणजे हृदयाने तो घेतला.

या आयसीयूत ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटचा ताबा, खाटेपाशीच देतात. जाणारी सिस्टर आणि येणारी सिस्टर दोघी एकाच पडद्याकडे बघत उभ्या राहतात. पेसमेकरचा पेशंट असेल तर स्पाइकमागे ठोका दोघींनी डोळ्यांनी बघायचा, मगच सही. हा नियम कुठे लिहिलेला नाही. नांदेडच्या या हॉस्पिटलात कार्डियाक आयसीयू सुरू झालं तेव्हापासून वर्षाराणी इथे आहे, आणि ही सवय तिनेच लावलेली.

रात्रपाळीची सिस्टर सही घेऊन गेली. खाटेवरच्या सटवाजींनी डोळे उघडले.

"आज रविवार न्हवं?"

"हो बाबा. उद्या तुमचा कायमचा पेसमेकर."

"तू उद्या हायस का?"

"आहे. आज दुपारी मात्र मी लातूरला जाणार आहे. उजवा पाय सरळ ठेवायचा. गुडघ्यात वाकवायचा नाही."

"दोन दिस झाले, हेच सांगून राहिलीस. पाय हाय का खांब?"

सटवाजी हदगाव तालुक्यातले, सत्तरीच्या पुढचे. कापसाच्या रानात चक्कर येऊन पडले तेव्हा त्यांची नाडी मिनिटाला अठ्ठावीस होती. कंप्लीट हार्ट ब्लॉक. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला मिळत नव्हता. ब्लॉक म्हटल्यावर नातेवाइकांनी नेहमीप्रमाणे अँजिओप्लास्टी कधी, असं विचारलं होतं. ही नळी तुंबल्याची भानगड नाही, वायरिंगची आहे, हे वर्षाराणीने त्यांच्या बायकोला, कस्तुराबाईंना, समजावून सांगितलं. कस्तुराबाई जरा विचार करून म्हणाल्या, "म्हंजे लाइट आली की मोटार आपसूक चालू व्हावी म्हून ऑटो बसिवतेत, तसं?" अगदी तसंच, वर्षाराणी म्हणाली. तेव्हापासून सटवाजींच्या घरात त्या पेटीचं नाव ऑटो.

महिन्याचा पहिला रविवार होता. लातूरच्या ज्या हॉस्टेलात वर्षाराणीची मुलगी शिल्पा राहते, तिथे आईवडिलांना महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, संध्याकाळी साडेसहापर्यंत भेटू देतात. मोबाइल रेक्टरकडे जमा. शिल्पा रिपीटर. पहिल्या खेपेला नीटमध्ये थोडक्यात राहिली, म्हणून जूनपासून पुन्हा क्लास लावला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आयसीयूत दोन सिस्टर एकदम तापाने आजारी पडल्या. नोव्हेंबरच्या रविवारी वर्षाराणी लोह्यापर्यंत गेली होती, तिथून परत बोलावणं आलं. दिवाळीला शिल्पा दोन दिवस घरी होती. त्या दोन दिवसांत वर्षाराणीला ड्युटी होती आणि शिल्पा झोपली होती. वर्षाराणी घरी येऊन पलंगाच्या कडेला बसली, पोरीचा झोपेतला श्वास बघत राहिली, आणि सवयीने तिच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी बहात्तर, नियमित. शिल्पा झोपेतच म्हणाली, "मम्मी, मी पेशंट नाही."

नवरा मन्मथ धर्माबादकडच्या शाळेत शिक्षक. तो गेल्या महिन्यात लातूरला एकटाच जाऊन आला होता. "कशी आहे?" असं विचारल्यावर "चांगली आहे" एवढंच त्याने सांगितलं. बारीक झाली का, केस बांधलेले होते का मोकळे, हसली का, यातलं काही त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. वर्षाराणीला तेवढंच हवं होतं.

आज तिने सगळं पक्कं केलं होतं. दोनला सुटायचं, अडीचची लातूर बस धरायची, साडेपाचला हॉस्टेल. लॉकरमध्ये धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि केसांचं तेल. परतीला रात्री चाकूरला माहेरी उतरायचं आणि पहाटेच्या गाडीने नांदेड गाठायचं.

एक वाजता भेटीची वेळ झाली. कस्तुराबाई चपला बाहेर काढून, डोक्यावरचा पदर सारखा करत आत आल्या. हातात डबा. डॉक्टरांनी घरचं जेवण चालेल म्हटलं होतं, मीठ तेवढं कमी.

"आज तरी पोटभर खाऊ घाल गं माय त्यांना. तुमच्या खिचडीनं माणूस चिपाड झालं."

"घाला. पण झोपवूनच. मी खाटेची उशाकडची बाजू थोडी उचलून ठेवली आहे. तेवढंच."

"हाव हाव."

वर्षाराणी चार नंबरकडे वळली. तिथल्या पेशंटच्या इन्फ्युजन पंपाची सिरिंज संपत आली होती आणि पंप किरकिर करत होता. हा पंप मोटारीवर चालतो. सिरिंजचा दट्ट्या तो केसाएवढा पुढे ढकलत राहतो, म्हणजे औषध तासाला ठरल्या मापानेच रक्तात जातं. नवी सिरिंज लावून तिने मार्ग मोकळा आहे का ते बघितलं, पंप चालू केला.

तेवढ्यात मागे दुसरा आवाज सुरू झाला. पंपाचा आवाज तक्रारीचा असतो. हा तसला नव्हता. ती वळली.

सहा नंबरच्या पडद्यावर काड्या उमटत होत्या. स्पाइक, स्पाइक, स्पाइक. मागे सपाट रेघ.

सटवाजी खाटेवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात टॉवेल पसरलेला, त्यावर डबा उघडा. भाकरीचा तुकडा हातात तसाच, आणि ते हळूहळू कस्तुराबाईंच्या खांद्यावर कलत चालले होते.

"अवो! अवो, घास तर गिळा!"

वर्षाराणीने त्यांना आडवं केलं, तोंडात बोट घालून घास बाहेर काढला, उजवा पाय सरळ केला आणि त्याच हाताने पेटीची चकती फिरवून आउटपुट थेट शेवटाला नेला. काही नाही. वायर पेटीत घट्ट होती. म्हणजे आतलं टोक हललं होतं. मांडी घालताना जांघ दुमडली, वायर ओढली गेली, आणि हृदयाच्या भिंतीला टेकलेलं टोक सुटलं. पेटी आपलं काम बिनचूक करत होती. करंट पोचत नव्हता, एवढंच.

दुपारच्या ड्युटीचा ब्रदर रुद्रेश नुकताच येऊन हात धूत होता.

"रुद्रेश, पॅड! एक छातीवर, एक पाठीवर!"

डिफिब्रिलेटर हे यंत्र लोकांना शॉक देणारं म्हणूनच माहीत असतं. त्याला दुसरंही काम येतं. छातीवर डकवलेल्या पॅडांमधून ते बाहेरूनच हृदयाला ठोके द्यायला लावतं. माणसाला प्रत्येक ठोक्याला धक्का बसतो, छातीचे स्नायू आखडतात, पण जीव राहतो. रुद्रेशने पॅड लावले. वर्षाराणीने जांघेतल्या धमनीवर बोटं ठेवली. पडद्यावरच्या रेघेवर अशा वेळी विसंबता येत नाही, हाताला नाडी लागावी लागते. लागली.

सटवाजींनी डोळे उघडले आणि हदगावच्या बोलीत यंत्राला एक शिवी दिली.

"बोलले," रुद्रेश म्हणाला. "मेंदू ठीक आहे."

हृदयाच्या डॉक्टरांना, डॉ. आलोकांना, फोन लावला तेव्हा ते घरी जेवायला बसले होते. ताट तसंच ठेवून निघतो म्हणाले. पण वायर जागेवर बसवायची तर कॅथ लॅबमध्ये, एक्स-रेच्या पडद्याखाली, आणि रविवारी लॅब बंद. टेक्निशियनला त्याच्या घरून बोलावलं. तोवर वर्षाराणीने सटवाजींना अलगद डाव्या कुशीवर वळवलं. त्या कुशीवर मधूनच एखाद्या स्पाइकमागे ठोका यायचा, मग दोन कोरे जायचे. कमरेखाली हात घालून थोडं धरून ठेवलं की जास्त ठोके येत. ती तशीच धरून उभी राहिली. ठोका आला की यंत्र थांबतं, तेवढाच त्याचा धक्का कमी.

कस्तुराबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. वर्षाराणी त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "मावशी, झोपवून भरवा म्हटलं होतं ना?"

"माय, त्यांनीच बसीव म्हनले. आडवं पडल्या मानसाच्या तोंडात घास कवा घालतेत, तुला ठाव न्हाई का? मरत्या मानसावानी घास त्यांना घेववेना. दोन दिस खिचडी आली तशी परत जाऊन राहिली. म्या म्हनलं, मांडी घालून खाऊ दे, जेवनासारखं जेवू दे."

वर्षाराणीने कमरेखालचा हात सारखा केला. खिचडी परत जाते ते तिने पाहिलं होतं आणि तोंडाला चव नसेल असं धरलं होतं. पाय वाकवू नका, असं तिने दोन दिवस सांगितलं. कसं जेवता, हे विचारलं नव्हतं.

दोन वाजले. रुद्रेशने घड्याळाकडे बघितलं.

"ताई, तुमची बस. मी धरतो, तुम्ही निघा. डॉक्टर येतातच."

"ओव्हर कशाचा देऊ? पडद्यावर ठोका आहे का?"

"अहो, लिहितो की मी तसं. कोण विचारतंय? तिसरा महिना आहे हा तुमचा. पोरगी आईला ओळखायची नाही."

"तू हात धू. तुझ्या हाताला साबण तसाच आहे."

तिने मान वळवून एकदा घड्याळ बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे. निघायला हरकत काहीच नव्हती. रुद्रेश हुशार आहे. तिनेच त्याला शिकवलेलं. तिने हात काढला असता, रुद्रेशने घातला असता. रिक्षा केली असती तर बसही मिळाली असती. साडेपाचला हॉस्टेलच्या फाटकात शिल्पा उभी राहिली असती, केस बांधलेले किंवा मोकळे. वर्षाराणीने हात काढला नाही.

पावणेतीनला कॅथ लॅबचं दार उघडलं. डॉ. आलोकांनी वायर दोन बोटं मागे घेतली, वळवली, पुन्हा पुढे सरकवली. एक्स-रेच्या करड्या पडद्यावर तिचं टोक हृदयाच्या तळाशी जाऊन टेकलं. पेटीचा आउटपुट उतरवत उतरवत ठोका कुठे सुटतो ते त्यांनी बघितलं. पॉइंट सहाला सुटला. छान जागा मिळाली. परत पाचवर ठेवला. पेशंट खाटेवर आला तेव्हा वर्षाराणी आणि रुद्रेश एकाच पडद्याकडे बघत उभे राहिले. स्पाइक, ठोका. स्पाइक, ठोका. सही झाली.

सटवाजी म्हणाले, "पोरी, तू लातूरला जानार व्हतीस न्हवं?"

"जाईन की, पुढच्या महिन्यात."

साडेतीनच्या बसने ती साडेसहाच्या आत पोचली नसती. जिन्यात उभं राहून तिने हॉस्टेलला फोन लावला. रेक्टर लक्ष्मम्मा देगलूरकडच्या. आवाज भरदार.

"येणार न्हाई म्हंता? तुमची पोरगी दुपारपासून दोनदा फाटकापाशी येऊन गेली, अम्मा. अभ्यासाला बसते म्हणून सांगते, आणि बसत न्हाई."

"तिच्याशी बोलू द्या ना जरा."

"पाच मिनिटं. मागं रांग हाय."

शिल्पाचा आवाज आला. "निघालीस का?"

"नाही गं. बस चुकली."

"बरं."

"एका पेशंटचं—"

"वाचला का?"

"वाचला."

"काय झालं होतं?"

"टेम्पररी पेसमेकर होता. कॅप्चर गेलं."

"म्हणजे स्पाइक येतो पण मागे क्यूआरएस नाही, ठोकाच नाही?" शिल्पाचा आवाज बदलला. "वायर कुठे असते? उजव्या व्हेंट्रिकलमध्ये?"

"हो. एकदम तळाला टेकवतात."

"म्हणजे ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह ओलांडून. बरोबर ना? आणि हलली कशाने?"

"मांडी घालून जेवायला बसले."

शिल्पा हसली. मोठ्याने. वर्षाराणीने फोन कानाशी दाबून धरला. जूनपासून हे हसू तिने ऐकलं नव्हतं.

"मग तू काय केलंस? ॲट्रोपिनचं इंजेक्शन दिलं?"

"या ब्लॉकला त्याचा भरवसा नसतो. पॅड लावून बाहेरून पेसिंग केलं, आणि डाव्या कुशीवर वळवलं."

"डाव्याच का?"

तिने सांगितलं. शिल्पा विचारत गेली, ती सांगत गेली. जेवतेस का, केस अजून गळतात का, झोप किती होते, हे सगळं तिच्या जिभेवर होतं. पण ते विचारलं की पोरगी "हो", "नाही", "बरं" यावर येते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने विचारलं नाही.

"आणि मम्मी, थ्रेशहोल्ड म्हणजे काय? तो कसा काढतात?"

"आउटपुट हळूहळू उतरवत जायचा. पडद्यावरची नजर हलू द्यायची नाही. एका जागी स्पाइकमागचा ठोका सुटतो. त्याच्या जरा वर हृदय ऐकतं, तोच थ्रेशहोल्ड. मग सुरक्षित म्हणून त्याच्या दुप्पट-तिप्पट तरी ठेवायचा, कारण उद्या ते—"

"हॅलो, काकू?" दुसऱ्याच मुलीचा आवाज होता. "तिचा टाइम संपला. मला माझ्या घरी लावायचाय. ठेवू का?"

"ठेव बाळा."

वर्षाराणी जिन्यातून आत आली. मग लॉकर उघडून तिने डबा काढला. रुद्रेशचा भाऊ संध्याकाळी लातूरला निघणार होता. डबा आणि तेल त्याच्याकडे द्यायचं ठरलं. हॉस्टेलात वस्तू फाटकावर घेतात, त्याला वार नाही. डब्याच्या झाकणावर तिने शिल्पाचं नाव आणि खोली नंबर लिहिला. खाली अजून काही लिहायला जागा होती. जरा वेळ पेन तसंच धरून तिने टोपण लावलं.

घरी जाण्याआधी ती सहा नंबरपाशी थांबली. कस्तुराबाईंनी खाटेची उशाकडची बाजू किती वर करायची ते रुद्रेशकडून शिकून घेतलं होतं आणि त्या सटवाजींना चमच्याने वरण भरवत होत्या. सटवाजी भिंतीकडे बघत गिळत होते.

सोमवारी वर्षाराणीची सकाळपाळी आहे. कॅथ लॅब साडेआठला उघडते आणि पहिली केस सहा नंबरची, कायमच्या पेसमेकरची. त्याच वेळी लातूरला शिल्पाचा क्लासमधला फिजिक्सचा पेपर चालू असेल. तो सकाळी सातला सुरू होऊन दहाला संपतो.