अंगठा तुमचा, सही माझी

भिवंडीच्या कोर्टात अंगठा घेतला की पक्षकार शाईचं बोट भिंतीला पुसतो. तुम्ही त्या व्हरांड्यात कधी उभे राहिला असाल, तर कमरेपर्यंत जांभळ्या झालेल्या भिंती पाहिल्याच असतील. आमचे वकीलसाहेब मात्र वकीलपत्रावर अंगठा उमटला की खिशातून पांढरा रुमाल काढायचे, पक्षकाराचा अंगठा स्वतः पुसायचे आणि म्हणायचे, "अंगठा तुमचा, सही माझी. आता आपण दोघं मिळून एक माणूस."

मी त्यांचा मुन्शी. ऐंशीच्या दशकात त्यांच्या ऑफिसात टाइप करायचो, फायली सांभाळायचो, तारखा लिहून ठेवायचो. साहेबांचं घर ऑफिसच्या वरच; वहिनी कधी खाली आल्या की मलाच झापायच्या, "मुन्शी, हे रुमाल मला धुवावे लागतात. पक्षकारांना सांगा, सही करायला शिका." साहेब हसायचे. लूमवरच्या कामगाराशी हिंदीत, खाडीकाठच्या शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलायचे. आणि तारीख मागणाऱ्या वकिलाचा त्यांना भयंकर राग. "तारीख म्हणजे गरिबाला दिलेली हळू शिक्षा," म्हणायचे. तेव्हा मी त्या माणसासाठी कुणाशीही भांडलो असतो.

कशेळीच्या तुळसाबायचा दावा त्याच दिवसांतला. विधवा बाई, एकच शेत. शेजारच्या गोदामवाल्याने तिच्या बांधाच्या आत चार हात भिंतीचा पाया खणला होता, आणि भिंत पुरी झाली तर शेतावर जायची वाटच बंद होणार होती. साहेबांनी दावा लावला, मनाई हुकूम घेऊन काम थांबवलं, तिचा अंगठा पुसला.

"मना कागदातलं काय कलत न्हाय," ती म्हणाली. "तुमी हाव ना?"

"आहे ना."

मग साहेब निवडणुकीला उभे राहिले. मतदानाच्या दिवशी तुळसाबाय कशेळीहून ऑफिसात आली ती बोट नाचवतच. "बगा, तुमालाच दिलं!" साहेब रुमाल काढायला गेले आणि थबकले. "ही शाई पुसायची नसते, बाय!" आम्ही सगळे पोट धरून हसलो. साहेब निवडून आले.

दिल्लीला गेल्यावर साहेब दाव्याला एकदाही आले नाहीत. दर वेळी ज्युनिअर उठायचा आणि तारीख मागायचा. होय, तारीख! पुढे तो ज्युनिअरही ठाण्याला गेला. मी एक अर्ज टाइप केला. जुन्या वकिलाची ना हरकत असली की बाईला दुसरा वकील करता येतो. त्यावर तुळसाबायचा अंगठा घेतला. साहेबांची सही तेवढी हवी होती. साहेब गावात आले तेव्हा कागद पुढे ठेवला.

त्यांनी वाचला आणि परत केला. "मुन्शी, वेडे का तुम्ही? खासदार झाल्याबरोबर म्हातारीला सोडली म्हणतील लोक."

"पण साहेब, तुम्हाला वेळ..."

"पुढच्या तारखेला मी स्वतः उभा राहतो. सांगा तिला."

मी सांगितलं. हा माझा मूर्खपणा.

तारखेच्या दिवशी सकाळी साडेदहापासून तुळसाबाय कोर्टाच्या फाटकाशी उभी. मी म्हटलं, आत बस. तर म्हणे, "साएबांची गारी कुठं लावायची ते कोन दावील?" रस्त्यावर ट्रकांचा आवाज, आणि आत पट्टेवाल्याने तीनदा नाव पुकारलं. मी उभा राहिलो. "साहेब येतायत, बाई बाहेर आहे, आत्ता आणतो."

न्यायाधीशांनी विचारलं, "आपण वकील आहात?"

"नाही."

"मग बसा."

मुन्शीला कोर्टात तोंड नसतं. शेजारचे चार वकील उभे राहू शकले असते, पण खासदाराच्या दाव्यात हात कोण घालणार? मी धावत जाऊन तिला घेऊन आलो, तोवर दावा गैरहजेरीत फेटाळला गेला होता आणि भिंतीवरची मनाईही उठली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्या वेळी साहेब जवळच्याच अंबाडीला कुणाच्या तरी दुकानाची फीत कापत होते.

दावा पुन्हा उघडायच्या अर्जाला महिन्याची मुदत होती. "मी बघतो," असं साहेब फोनवर दोनदा म्हणाले. मी दुसऱ्या वकिलाचं नाव काढलं, तर तुळसाबाय माझ्यावरच उखडली. "साएब बगतो म्हनले हायेत ना?" महिना गेला. पावसाळ्याआधी भिंत उभी राहिली, वाट बंद झाली आणि शेत तिच्या हातचं गेलं. मी नोकरी सोडली. त्यात काही शौर्य नव्हतं, फार उशीर झाला होता.

नव्वदीच्या दशकात साहेब गेले. शोकसभेला मोठा कापडी फलक होता, 'गरिबांचा वकील'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला बोलायला उठवलं. म्हटलं, आज सांगूनच टाकू. समोर पाहतो तर पहिल्या रांगेत खाली तुळसाबाय, पदराने डोळे पुसत. मी तसाच खाली आलो आणि तिच्याशेजारी बसलो.

"कशाला रडतेस?" मी जवळजवळ ओरडलोच. "तुझं शेत घालवलं त्यांनी!"

"शेत गेलं ते गेलं," ती म्हणाली. "पन त्यांच्याआदी माजा आंगठा कोनी पुसला न्हवता रं."

याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त चीड येते. एका रुमालावर त्यांनी तिला आयुष्यभर बांधून ठेवलं.

तो ना हरकतीचा कागद माझ्या कपाटात आहे. डाव्या बाजूला तिचा अंगठा, रेष न् रेष दिसते. उजव्या बाजूला सहीसाठी मी टाइप केलेली टिंबं.