पाठीतला रस्ता

दुष्काळाच्या त्या वर्षी सांगोल्याकडे पाण्याचा टँकर नेणारा एक ड्रायव्हर सोलापुरात आमच्या दवाखान्यात यायचा. मी तिथे कंपाउंडर होतो. तो बाकावर कधी बसायचा नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहायचा आणि बोलताना डावा हात उगाच गिअर टाकल्यासारखा हलवायचा.

डॉक्टर नवे होते. पाठ किती दुखते ते शून्य ते दहा अशा आकड्यात सांगा, म्हणायचे.

"आकड्यात जमत न्हाय, डाक्टर. रस्ता सांगतो की."

बरं असलं की डांबरी. मग मुरूम, मग खडी. सगळ्यात वाईट म्हणजे कोरड्या ओढ्यातली वाळू. डॉक्टर आधी चिडले, मग स्वतःच विचारू लागले, "आज कुठला रस्ता?"

एका सकाळी तो हळूच म्हणाला, "वाळू."

"मग टँकर सोडा. महिनाभर पडून राहा, नाहीतर कायमचे पडाल."

"वाळूत गाडी उभी करायची नसती, डाक्टर. रुतती. आन् तितं बाया हंडे घिऊन बसल्यात."

मला त्याचा रागच आला. गोळ्या द्यायला मी मागोमाग बाहेर गेलो. दोन्ही हातांनी पँट धरून तो आपलाच पाय उचलून टँकरच्या फूटबोर्डावर ठेवत होता. हात द्यायला गेलो, तर त्याने असं बघितलं की मी मागे सरलो. वर बसला तेव्हा चेहरा घामाने निथळत होता.

"आता कुठला रस्ता?" मी विचारलं.

त्याने स्टार्टर मारला आणि समोर बघत म्हणाला, "डांबरी."