एका खोलीची पोच

शाळेच्या हेडक्लार्कना सगळे पोचकाका म्हणत. कुठेही कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख, म्हणजे पोच, घेतल्याशिवाय ते खिडकीपासून हलत नसत. एकतीस वर्षांत त्यांनी एक चिटोरं हरवलं नव्हतं. घरीसुद्धा वाणसामानाच्या यादीवर ते बायकोची सही मागत, आणि ती माउली, "अहो, आधी साखर आणा," एवढंच म्हणे.

सातवीचा वर्ग व्हरांड्यात बसायचा, म्हणून एक खोली हवी होती. बांधकाम खात्यात त्यासाठी वाटा तीन. एक पत्र्याची तात्पुरती शेड. दुसरी पूर्ण परवानगी. तिसरी अगदी सोपी: शाळेच्या आवारात एकमजली खोली असेल तर नुसतं लेखी कळवायचं, महिनाभर थांबायचं आणि कामाला लागायचं. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, "काका, कळवून टाका."

"नुसतं कळवायचं?" काकांना ते पाहुण्यांसमोर उघड्या अंगाने गेल्यासारखं वाटलं. "परवानगी मागितलेली बरी, बाई. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

आणि नऊ नकाशे जोडून त्यांनी पूर्ण परवानगीचा अर्ज केला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

अडीच वर्षं गेली. खात्याने आवारातल्या झाडाचा दाखला मागितला. तो मिळेपर्यंत झाडच पडलं, तेव्हा पडल्याचा दाखला मागितला. अर्ज चालू असेपर्यंत तिसरी वाट बंद. तो मागे घ्यायचा तर खात्याच्या समितीची मान्यता हवी, आणि समितीला बसायला मुहूर्त सापडेना. तेवढ्यात शिक्षण खात्याचं पत्र आलं: नवीन वर्ष सुरू होईपर्यंत खोली नसेल तर सातवी बंद, अडतीस मुलं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत. बाईंनी रागावण्याऐवजी ते पत्र काकांना फायलीला लावायला दिलं. तेच त्यांना जास्त लागलं.

काका हातापाया पडायला बांधकाम खात्यात गेले. तिथे नव्याने आलेल्या मॅडमनी कॉम्प्युटर पाहिला, रजिस्टरं पाहिली, दोन कपाटं उपसली.

"काका, तुमची फाइलच नाही हो आमच्याकडे. ऑफिस हलवलं तेव्हा गेली असेल कुठेतरी. पोच आहे ना? म्हणजे नवी फाइल उघडून पुढे चालू करते."

पोच पिशवीत होती, प्लास्टिकच्या पाकिटात, तीन झेरॉक्ससकट. सवयीने काकांचा हात तिकडे गेलासुद्धा.

"आणि पोच नसेल तर?"

"तर तुम्ही अर्जच केला नाहीत, असं धरावं लागेल. मग काय, नुसतं कळवा आणि महिन्याने बांधा."

पिशवी काकांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"नाही," ते म्हणाले. "हरवली."

"होतं असं," मॅडम समजुतीने म्हणाल्या. "सगळ्यांचंच हरवतं."

आयुष्यात इतका अपमान काकांनी कधी गिळला नव्हता. पण तिथेच बाकावर बसून त्यांनी तिसऱ्या वाटेचा कागद लिहिला आणि दिला.

शाळा उघडायच्या चार दिवस आधी खोली तयार झाली. पहिल्या दिवशी अडतीस मुलं नव्या बाकांवर बसली आणि बाईंनी काकांना सर्वांसमोर बोलावलं. "ही खोली उभी राहिली ती काकांच्या चोख कागदपत्रांमुळे," त्या म्हणाल्या. "कागद कसा जपावा, ते यांच्याकडून शिका."

मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काकांना रडू आवरेना. बाईंना वाटलं, आनंदाने.