ओली गोधडी

पौषातल्या सकाळी गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडला, की श्वास आत जातो आणि तिथंच अडकतो. तोंड उघडं राहतं, आवाज मात्र निघत नाही. क्षणभराचंच असतं ते. पण तेवढ्यात मी दर वेळी त्या खाणीत जाऊन येते.

आमच्या चाकणकडच्या गावात घरातलं माणूस गेलं, की दहाव्याला सगळं अंथरूण-पांघरूण धुवून काढतात. सासरे गेले ते अशाच थंडीत. नळाला तासभर पाणी, नदीला कारखान्यांचा फेस. म्हणून मी आणि माझी थोरली जाऊ कमल गोधड्यांची गाठोडी घेऊन गावामागच्या बंद दगडखाणीवर गेलो. केवढं देखणं पाणी होतं ते! निळं, निवांत, वर कोवळं ऊन. पण आपण किती खोल आहोत, हे पाणी कधी सांगतं का?

सासूबाईंनी स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी मी खळबळत होते. भिजलेली गोधडी माणसाएवढी जड होते. ती दगडाच्या कडेवरून पाण्यात घसरली. सोडून द्यायची, एवढंच तर होतं; पण घरातली वस्तू हातची जाऊ द्यायला आम्हा बायकांना कुणी शिकवलेलंच नाही. मी ती घट्ट धरली आणि तिच्यामागोमाग शेवाळलेल्या दगडावरून थेट पाण्यात गेले.

श्वास मी घेतला नाही, तो आपसूक ओढला गेला, आणि त्याच्याबरोबर पाणीही. हातपाय माझे राहिले नाहीत. घरातले सगळे बाप्ये लहानपणी कमरेला दोर बांधून विहिरीत पोहायला शिकलेले. मुलीच्या कमरेला दोर कुणी बांधला?

कमल पाठमोरी चादर पिळत होती. वळली आणि हसली, "काय गं, एवढ्या थंडीत पव्हतीस व्हय?" मग माझा चेहरा तिला दिसला. तिनं चादरीचं टोक फेकलं. "धर! आगं, आधी ती गोधडी सोड, भवाने!" बोटं उघडेनात. गोधडी कशी सुटली ते आठवत नाही. चादर कोपरात अडकवली आणि कमलनं ओढलं, एवढं आठवतं.

काकडत घरी पोचले. सासूबाईंनी गाठोडं उलगडून पाहिलं. "माझी गोधडी कुठाय?" कमलनं झालं ते सांगितलं. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी एरवी बोलत न्हाईत, पर बुडताना तरी वरडायचं!" सगळे हसले. माझा नवराही. सुतकातलं ते पहिलं हसू. कमल तेवढी हसली नाही.

त्यांना वाटतं, लाजेनं माझं तोंड मिटलं. ओरडायला श्वास लागतो आणि तो गारठ्यानं काढून घेतला होता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. चौथीपर्यंतची अक्षरं गाठीला आहेत, म्हणून या वहीला सांगते. बुडणारं माणूस हाक मारील, याची वाट पाहू नये. आणि हातातलं आधी सोडावं. गोधडी असो, कळशी असो, जाऊ द्यावी.

आता रोज मोरीचं दार लावून पहिला तांब्या ओतला, की मी मुद्दाम आवाज काढते. सुरुवातीला नुसती हवा यायची. हल्ली बरा निघतो.

"काय झालं गं वरडायला?" बाहेरून सासूबाई विचारतात.

"काय न्हाई, आत्याबाई," मी म्हणते, "पाणी गार हाय."