तिसऱ्यांचा सत्यनारायण

आमच्या बेंगळुरूच्या बिऱ्हाडात पहिला सत्यनारायण झाला, तो तिसऱ्यांमुळे.

नव्वदीच्या दशकात कोरमंगलात भाड्यानं जागा मिळायची, पण अटींसकट. खाली घरमालक अण्णा आणि अक्का. पिढ्यान्पिढ्या इथलंच झालेलं मराठी घर, कांदासुद्धा बेतानं खाणारं. अट एकच, घरात मासे शिजले की बिऱ्हाड बाहेर! मी पक्का मालवणी. तरी "मासे? छे! आम्हाला वासही सोसत नाही," असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. (खोटं बोलावं तर असं खणखणीत!)

आणि बायकोला, सुलभाला, डोहाळे लागले ते थेट तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचे. समुद्र कुठे, आम्ही कुठे! शेवटी ऑफिसातल्या नाईकनं कारवारहून ओल्या गोणपाटात बांधून आणल्या. "माझा वाटा डब्यातून आण हां," एवढीच त्याची अपेक्षा.

मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू काढली, विळीवर एकेक उघडली, मांसाची शिंपली ठेवून दुसरी टाकली. शिंपली चोखण्यात जी मजा, ती नुसत्या मांसात नाही! भाजल्या खोबऱ्याचं वाटण पडलं, कोकमाची सोलं पडली, आणि वास जो सुटला!

"अहो, वास खाली जातोय!"

मी धूप पेटवला, कापूर जाळला, उदबत्तीचा अख्खा पुडा लावला. तरी वास वरचढच! मग मी आरत्यांची कॅसेट मोठ्यानं लावली. वास कानानं येत नाही, हे माझ्यासारख्या इंजिनिअरला कोण सांगणार?

बेल वाजली. सुलभानं पातेलं बेडरूममध्ये पलंगाखाली सारलं. दारात अण्णा, हातात नारळ!

"काय ओ हे? घरात सत्यनारायण, आणि आम्हाला बोलावणं नाही?"

"ते... घाईत ठरलं. भटजी आत्ताच गेले."

"सरी, सरी, असू दे. आरती तरी मिळाली! घंटा स्वल्प जोरात वाजवा."

अक्का प्रसादाचा शिरा करायला खाली पळाल्या. सुलभा कंबर धरून म्हणाली, "मी जरा आत पडते." मी तबक ओवाळत राहिलो. मेल्या अण्णांना सगळ्या आरत्या पाठ! आणि दाराआडून सुर्र, खट्ट, सुर्र, खट्ट.

"आत काय वाजतंय ओ?"

"बांगड्या," मी म्हणालो आणि घंटा आणखी बडवली.

शिरा खाऊन अण्णा गहिवरले. "असे भाविक भाडेकरू मिळायला भाग्य लागतं! आता दर पौर्णिमेला करा."

"करू की! यांना भारी हौस," तोंड पुसत बाहेर आलेली सुलभा म्हणाली.

ते गेल्याबरोबर मी पलंगाखाली घुसलो. पातेल्यात नुसत्या शिंपल्या!

"अगं, एक तरी ठेवायचीस!"

"देवाचं करणाऱ्या माणसाला उष्टं कसं देऊ?"

घर वाचलं, डोहाळे पुरले. पण शिंपल्या अण्णांच्या कचऱ्यात टाकायची सोय नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी वाटेत कुठेतरी टाकू म्हणून त्या डब्यात भरून निघालो, आणि बस पकडायच्या गडबडीत तशाच ऑफिसात पोचलो. जेवणाच्या सुट्टीत नाईकनं डबा झडप घालून उघडला.

"अरे हावरटा! सगळ्या एकट्यानं हादडल्यास, आणि मला शिंपल्या?"

सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. मी मुकाट्यानं माफी मागितली. पूजेच्या दिवशी मी असलं काही तोंडात घालत नाही, हे कोणाला खरं वाटलं असतं?